वक्तृत्व स्पर्धेच्या रौप्यमहोत्सवात सत्कार कुणाचा करावा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा यंदा पंचविसाव्या वर्षात आहे. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. या निमित्ताने या क्षेत्रात काम केलेल्या शिक्षकांचा आणि लोकसेवकांचा सन्मान करायचं माजी विद्यार्थी मंडळाने ठरवलं आहे. निवड कशी करावी, पुरस्काराला नाव कुणाचं द्यावं आणि कार्यक्रम शाल-श्रीफळापुरता राहू नये म्हणून काय करावं?

उत्तर : यादी करायला बसलात की पहिली आठ-दहा नावं चांगल्या वक्त्यांची येतील. ती सगळी बाजूला ठेवा. चांगल्या वक्त्याला त्याच्या टाळ्या जागच्या जागी मिळालेल्या असतात, मानधन मिळालेलं असतं, गावोगावच्या व्याख्यानमालांतून हारतुरेही झालेले असतात. तुम्ही त्यात आणखी एका हाराची भर घालून काय साधणार? तुमची स्पर्धा पंचवीस वर्षं चालली ती मुलांना व्यासपीठापर्यंत आणून सोडणाऱ्या माणसांमुळे. सत्कार त्यांचा व्हायला हवा. मी मराठीचा प्राध्यापक होतो, नोकरीतली बहुतेक वर्षं वक्तृत्व मंडळ माझ्याकडे होतं आणि निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून फिरणं सुटलेलं नाही. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावरचं आपलं पहिलं भाषण केलं. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा डांगोरा पिटत होतं. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवलं की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची आहे. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. भाषण गाजलं आणि गोखल्यांचं नाव देशभर झालं.

त्या आकड्यांमागे एक हेडमास्तर होते. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या हायस्कुलात हेडमास्तरकी केलेला हा माणूस सरकारी जमाखर्चाचे अहवाल ओळ न् ओळ वाचत असे आणि त्यावर पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहीत असे. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांची तयारी न्यायमूर्ती रानडे आणि हे जोशी या दोघांनी करून घेतली होती. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतर अर्थसंकल्पावर बोलायचं म्हटलं की गोखल्यांची पत्रं जोश्यांकडे जात : अमुक खात्याचे आकडे पाठवा, तमुक मुद्द्यावर तुमचं मत कळवा. गोखल्यांच्या नावाच्या संस्था आहेत, रस्ते आहेत, पुतळे आहेत. जोश्यांचं नाव सोलापुरातल्या किती शाळांतून माहीत आहे, तुम्हीच चौकशी करून पाहा.

म्हणून नावाचं आधी उरकतो. शिक्षकांसाठीच्या सन्मानाला ग. व्यं. जोश्यांचं नाव द्या. मंडळात कुणीतरी म्हणेलच की हे नाव कुणाला ठाऊक नाही, त्यापेक्षा एखादं गाजलेलं घ्या. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले शिवाजीराव भोसले, किंवा वणीचे प्राचार्य राम शेवाळकर. दोघेही शिक्षक आणि दोघेही व्याख्यानाला सभागृहं भरवणारे, त्यामुळे ही सूचना गैर नाही. पण त्यांच्या नावाला तुमच्या पुरस्काराची गरज नाही आणि जोश्यांच्या नावाला आहे. शिवाय दर वर्षी सूत्रसंचालकाला हे जोशी कोण ते दोन मिनिटं सांगावं लागेल, म्हणजे दर वर्षी नव्या दीडदोनशे मुलांना ते कळेल. एक पथ्य मात्र पाळा. देणगीदाराच्या तीर्थरूपांचं नाव करंडकाला द्या, सन्मानाला देऊ नका. करंडक फिरता असतो, कपाटात राहतो. सन्मानाचं नाव निवडीवर दाब आणतं, आणि पुढच्या वर्षी देणगीदाराचा फोन येतोच.

आता शिक्षकांची निवड. स्पर्धेच्या सभागृहात मागच्या दोन रांगांकडे पाहायची मला सवय लागली आहे. स्पर्धक बोलत असतो आणि मागे बसलेल्या एखाद्या सरांचे किंवा बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत असतात. मुलगा एक वाक्य विसरला की यांचा जीव खाली-वर होतो, हात आपोआप वर जातो. हे भाषण सरांनी लिहिलेलं आहे, मुलाने पाठ केलेलं आहे आणि हेच भाषण थोडं वळवून तो 'तरुणाई आणि राष्ट्र'पासून 'पाणी : उद्याचं संकट'पर्यंत कुठल्याही विषयाला लावणार आहे. अशा मुलांना नंबर मिळतात. जिल्ह्याजिल्ह्यातून करंडक गोळा करणारे स्पर्धावीर यातूनच तयार होतात. त्याच रांगेत दुसरी एखादी बाई हाताची घडी घालून बसलेली असते. तिची मुलगी पुढे काय बोलणार हे तिलाही माहीत नसतं. मुलगी अडखळते, मुद्दा सोडून देते, स्वतःच्या शब्दांत परत धरते, आणि बाईंच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसतं. या मुलीचा नंबर बहुतेक वेळा येत नाही. तुमचा सन्मान या बाईंना द्यायचा आहे.

आणि ही बाई विजेत्यांच्या यादीतून सापडणार नाही, इथेच बहुतेक आयोजकांची गाडी अडते. बक्षिसांच्या संख्येवर शिक्षक निवडलात तर ओठ हलवणारे सर पहिले येतील. म्हणून कपाटातून जुन्या प्रवेशिका काढा. प्रवेशिकेवर प्राचार्यांच्या सहीखाली मार्गदर्शक शिक्षकाच्या नावाचा रकाना असतो. बहुतेक स्पर्धांतून तो भरून घेतात आणि पुन्हा कुणी पाहत नाही. पंचवीस वर्षांच्या मिळतील तेवढ्या प्रवेशिका घेऊन एका वहीत उतरवा : कोणत्या शिक्षकाने किती वर्षं मुलं आणली, दर वेळी तेच दोन हुकमी एक्के आणले की नवे चेहरे, त्यांत मुली किती, एसटी बदलून यावं लागतं अशा गावांतली मुलं किती. बक्षिसांचा रकाना या वहीत करूच नका. दोन तरुण माजी विद्यार्थी बसवलेत तर आठवड्याचं काम आहे. त्यातून सात-आठ नावं वर येतील आणि त्यांतली निम्मी मंडळाच्या पहिल्या यादीत नसतील, हे मी लिहून देतो.

मग फोन करा, पण विजेत्यांना नको. ज्यांचा कधी नंबर आला नाही अशा माजी स्पर्धकांना करा. 'सर कसे होते' हा प्रश्न विचारू नका, सगळे चांगलंच सांगतात. विचारा : भाषण कुणी लिहिलं होतं? हरल्यावर परतीच्या गाडीत सर काय बोलले? पुढच्या वर्षी पुन्हा नेलं का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत शिक्षक पुरता कळतो. हरलेल्या मुलाला पुन्हा नेणारा शिक्षक दुर्मीळ आहे, कारण प्राचार्यांना ढाली हव्या असतात.

प्रस्ताव मात्र मागवू नका. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतो. देशभरातून निवडायचं तर तसं करावं लागत असेल, पण तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज मागवले की फायली येतात. कात्रणं, प्रमाणपत्रांच्या रंगीत झेरॉक्स, मान्यवरांसोबतचे फोटो. फाईल करण्यात वाकबगार असलेला माणूस आणि मुलं घडवण्यात वाकबगार असलेला माणूस क्वचितच एक असतो. निवड समितीत तीन माणसं पुरेत : एक जुना परीक्षक, एक माजी स्पर्धक आणि एक असा कुणीतरी ज्याचा तुमच्या संस्थेशी काही संबंध नाही.

शिक्षकाच्या श्रेयाचा हा प्रश्न अमेरिकेत फार आधी सोडवला गेला, तो प्रकार सांगण्यासारखा आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या रिपन कॉलेजात ब्रुनो जेकब नावाचे गृहस्थ होते. शाळकरी वादपटूंचा गौरव करणारी एखादी संस्था आहे का, असं विचारणारं एका हायस्कूल शिक्षकाचं पत्र त्यांच्याकडे आलं. तशी संस्था नव्हती, म्हणून जेकब यांनी १९२५ मध्ये ती काढली : नॅशनल फोरेन्सिक लीग. २०१४ पासून तिचं नाव नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन आहे. तिथे मुलाला प्रत्येक फेरीचे गुण मिळतात, जिंकला तर जास्त, हरला तरी काही मिळतातच, आणि मुलाने मिळवलेल्या गुणांचा दहावा हिस्सा शिक्षकाच्या खाती जमा होतो. गुण ठरावीक टप्प्याला पोचले की शिक्षकाला हिरा मिळतो, पुढच्या टप्प्याला दुसरा, तिसरा. हरलेल्या फेरीचेही गुण धरत असल्यामुळे दोन हुकमी एक्के फिरवणाऱ्यापेक्षा दर वर्षी वर्गभर मुलं उभी करणाऱ्या शिक्षकाची शिल्लक वाढते. गुणांच्या मागे लागण्याचा रोग त्यातून येत असणारच, आकडा आला की तो येतो. पण मार्गदर्शकाची नोंद प्रत्येक फेरीला होते, एवढी एक गोष्ट आपण उचलावी. तुमच्या गुणपत्रकावर स्पर्धक क्रमांकाशेजारी मार्गदर्शकाचा रकाना यंदापासूनच घाला, फक्त तो परीक्षकाच्या हाती जाणाऱ्या प्रतीवर नको.

लोकसेवकांचं काम जास्त नाजूक आहे. मंडळात या शब्दाबरोबर आमदार, खासदार, प्रांत, तहसीलदार अशी नावं येतील आणि सन्मानाच्या आडून सभागृहाच्या पत्र्याचं किंवा अनुदानाचं कामही कुणाच्या तरी मनात असेल. ते काम वेगळं करा, बिनदिक्कत करा, पण पुरस्कारात मिसळू नका.

सरकारी नोकर आणि व्यासपीठ यांचं नातं महाराष्ट्रात जुनं आहे आणि अवघडही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू करणारे रानडे त्या वेळी पुण्यात सबजज्ज होते. त्यांना साथ देणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही न्यायखात्यातलेच. दिवसा सरकारची चाकरी आणि संध्याकाळी लोकांना बोलायला शिकवणं. सरकारला हे रुचलं नाही. रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला आणि पाठोपाठ १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. आजही सेवेत असलेल्या अधिकाऱ्याचा जाहीर सत्कार ही तुमच्या मर्जीची गोष्ट नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही आणि त्याच्या गौरवार्थ भरवलेल्या सभेलाही हजर राहता येत नाही. निरोपासारखे घरगुती स्वरूपाचे समारंभ तेवढे वगळले आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४च्या वर्तणूक नियमांतला चौदावा नियम तेच सांगतो. म्हणून नाव ठरलं की आधी त्यांच्याशी बोला आणि परवानगीचा अर्ज त्यांच्या कार्यालयामार्फत जाऊ द्या. याला वेळ लागतो, महिना-दोन महिने हाताशी ठेवा. निवृत्त माणूस निवडलात तर ही कटकट नाही. लोकप्रतिनिधीच्या बाबतीत निवडणुकीचं वेळापत्रक पाहा. आचारसंहिता लागली की पत्रिका पुन्हा छापावी लागते.

निवड कुणाची? इथेही तीच फूटपट्टी लावा : कोण किती छान बोलतो हे सोडून द्या, कुणाच्या कारभारात लोक बोलू शकले ते पाहा. वि. स. पागे १९६० ते १९७८ महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने स्वतः भाषणं ठोकायची नसतात, सभागृह बोलतं ठेवायचं असतं, विरोधकालाही त्याचा वेळ द्यायचा असतो. त्याच पाग्यांनी रोजगार हमी योजनेची कल्पना मांडली, तासगावातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. लोकसेवकाच्या सन्मानाला हे नाव शोभेल. दुसरं नाव सुचवायचं तर प्रा. मधु दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस १९७१ मध्ये राजापुरातून लोकसभेत गेला, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाला आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवून गेला. शिक्षक आणि लोकसेवक ही दोन्ही खाती त्यांच्यात एकत्र होती, तेव्हा एकच सन्मान ठेवणार असाल तर हे नाव जास्त बरं.

प्रत्यक्ष माणूस शोधायला मुंबईकडे पाहायची गरज नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्या ग्रामपंचायत कायद्याने बंधनकारक आहे. ही सभा बऱ्याच गावांत सह्यांच्या वहीतच होते. ती खरोखर घेणारा एखादा ग्रामसेवक किंवा एखादी सरपंच तुमच्या तालुक्यात नक्की असेल. पुरावा इतिवृत्तात मिळतो. 'सर्वानुमते मंजूर' एवढंच पानामागून पान असेल तर पुढच्या गावाकडे वळा. पण अमुकबाईंनी नळाला पाणी कधी येणार असं विचारलं, तमुकबाईंनी रेशन दुकानाच्या वेळेबद्दल तक्रार मांडली, त्यावर हे उत्तर दिलं, अशी नोंद सापडली तर तिथे कुणीतरी बायकांना उभं राहून बोलू दिलं आहे आणि ते लिहूनही ठेवलं आहे. वादविवादाच्या क्षेत्रातलं एवढं मोठं काम करंडकवाल्या एकाही स्पर्धेत होत नाही.

कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. सन्मान निकालाच्या आधी ठेवा. निकाल लागला की निम्मं सभागृह शेवटची गाडी पकडायला पळतं आणि सत्कारमूर्ती रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहतात. प्रमुख पाहुणा वेगळा नको, सत्कारमूर्ती हेच प्रमुख पाहुणे. प्रास्ताविकाला तीन मिनिटं आणि घंटा सर्वांना सारखी, अध्यक्षांनाही. स्पर्धकाला सात मिनिटांवर घंटा देणाऱ्या आयोजकाने पाहुण्याला चाळीस मिनिटं मोकळं सोडणं मुलांना दिसतं आणि ती पोरं बाहेर चहा पिताना त्यावर काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. शिक्षकाचा परिचय मंडळाच्या सचिवाने करून देऊ नये, त्यांच्या एखाद्या हरलेल्या विद्यार्थ्याने चार मिनिटांत करून द्यावा.

मानपत्रावर मेहनत घ्या. आपल्याकडची मानपत्रं एका साच्यातून निघतात. 'आपल्या ओघवत्या वाणीने, प्रगल्भ व्यासंगाने आणि निरपेक्ष सेवावृत्तीने आपण ज्ञानाचा नंदादीप अखंड तेवत ठेवलात...' नाव बदललं की दुसऱ्याला चालतं. पाच वर्षांनी त्यांच्याच घरात कुणी वाचलं तरी यांनी नेमकं काय केलं ते कळत नाही. त्याऐवजी असं काही लिहा : 'आपण दर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवलीत आणि तिच्यावर प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला लावलंत. कुणाचंही भाषण आपण लिहून दिलं नाही. नंबर न आलेल्या मुलांनाही पुढच्या वर्षी स्वतःबरोबर स्पर्धेला नेलंत.' तीन वाक्यं झाली. त्यांतला प्रत्येक तपशील तुमच्या फोनवरच्या चौकशीतून आलेला हवा आणि छपाईला जाण्याआधी एकदा त्यांच्या घरी वाचून दाखवलेला हवा. नावाची आद्याक्षरं आणि शाळेचं नाव चुकणं ही मानपत्रातली नेहमीची चूक आहे. ती व्यासपीठावर लक्षात आली तर इलाज नसतो.

पैशाचं म्हणाल तर चांदीचं सन्मानचिन्ह टाळा. फ्लेक्स आणि फेटे यांवरचा खर्च निम्मा केलात तरी त्यातून त्या शिक्षकाच्या शाळेला पुस्तकं आणि वर्षभराची दोन वर्तमानपत्रं देता येतील. त्यांच्या शाळेतल्या पाच मुलांचा तुमच्या स्पर्धेला येण्याजाण्याचा खर्च पुढची तीन वर्षं मंडळाने उचलावा. आपण एका बाजूचं एसटी भाडं देतो आणि परतीचं मार्गदर्शक शिक्षक स्वतःच्या खिशातून भरतो, ही रीत या निमित्ताने मोडली तर बरंच. ज्येष्ठ शिक्षकांना तब्येतीमुळे येणं जमणार नसेल तर चार मुलं घेऊन त्यांच्या घरी जा आणि मानपत्र तिथे वाचा. मोबाईलवर चित्रित करून सभागृहात पडद्यावर दाखवता येतं. दिवंगत शिक्षकांना मात्र या यादीत घालू नका. त्यांची नावं व्याख्यानाला, दालनाला देता येतील. हयात माणूस समोर असताना आपण मरणोत्तर गौरवाकडे वळतो, कारण मेलेल्या माणसाबद्दल कुणाची तक्रार येत नाही.

आणि पहिल्या वर्षी दोनच सन्मान करा, एक शिक्षक आणि एक लोकसेवक. पंचविसावं वर्ष म्हणून पंचवीस जणांना रांगेत उभं करायची सूचना येईल, ती फेटाळा. एखाद्या वर्षी योग्य लोकसेवक सापडला नाही, तर यंदा निवड नाही असं पत्रिकेत सरळ छापा.